हिमनदीच्या वाटेवर कुरखेडा लागतं

अलास्काला जायचं असेल तर आधी कुरखेड्याला जावं लागतं, ही माहिती कुठल्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकात सापडणार नाही. आम्ही दोघं मात्र त्याच मार्गानं निघालो होतो. मार्चच्या अखेरीस एका सकाळी भद्रावतीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या एसटीची वाट बघत उभे होतो. पिशवीत पराठे, लिंबाचं लोणचं, पाण्याच्या बाटल्या आणि अमेरिकेच्या एका अरण्य-उद्यानानं पर्यटकांसाठी काढलेल्या सूचना. त्या सूचना आमच्या मुलीनं, मंजूनं, सिएटलहून पाठवल्या होत्या. जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जायचं, तिथून विमानानं अलास्का, आणि तिथल्या किनाऱ्यावर बोटीत बसून हिमनद्या बघायच्या. त्या म्हणे डोंगरावरून उतरून थेट समुद्रात पाय सोडून बसलेल्या असतात. निवृत्त माणसांना शोभेल असाच उद्योग.

हे सगळं माझ्या बायकोमुळे. शैलानं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आयुष्यभर भूगोल शिकवला. 'हिमनदी म्हणजे अतिशय मंद गतीने वाहणारी बर्फाची नदी' हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दरवर्षी ती फळ्यावर पांढऱ्या खडूनं हिमनदी काढायची, आणि तिनं प्रत्यक्ष पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखालचा होता. निवृत्तीनंतर तिनं एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, चारधाम नाही. न पाहता शिकवलेली ती नदी एकदा डोळ्यांनी पाहायची. मी दागिना सुचवून पाहिला. तो निदान घरी बसून घालता येतो.

मला प्रवास आवडत नाही. फॅक्टरीतून निवृत्त झालो तेव्हा आता कुठेही जायचं नाही एवढा एकच बेत मी आखला होता आणि तो व्यवस्थित पार पडत होता. म्हणून त्या सूचना आल्यावर मी त्या बारकाईनं वाचल्या. बर्फाबद्दल त्यांत जेमतेम मजकूर, आणि अस्वलांबद्दल पानंच्या पानं. मी ती शैलाला मोठ्यानं वाचून दाखवली. अस्वल दिसल्यास पळू नये. शांत आवाजात त्याच्याशी बोलावं. आपण माणूस आहोत हे त्याला कळू द्यावं. माझ्या मते एवढ्यावर विषय मिटायला हवा होता.

"तुमाले अस्वलाची भीती वाटते ना?" ती म्हणाली. "चला मंग."

गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याजवळच्या एका गावात तिची पहिली नेमणूक होती. मोहाचा हंगाम सुरू होता, आणि मोहाच्या हंगामात तिकडे अस्वलांची टंचाई नसते. अस्वलाची भीती घालवायला अस्वलाकडे जायचं, ही शिक्षकी पद्धत.

चंद्रपूरला गाडी बदलून मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा असा तो प्रवास. मूलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल, आणि 'वन्यप्राण्यांना आधी जाऊ द्या' अशा पाट्या. आमच्या जिल्ह्यात वाघ रस्ता ओलांडत असेल तर एसटीचा ड्रायव्हर थांबतो आणि हॉर्न वाजवत नाही. हा मान दुसऱ्या कोणालाच मिळत नाही. जंगल संपलं की बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), कापणी होऊन भेगाळलेल्या, आणि मधे एखादी बोडी (छोटं तळं), तिच्यात म्हशी गळ्यापर्यंत बसलेल्या. पळस फुलून संपत आला होता. शैलाला हे सगळं बघून आनंद होत होता. मला उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली होती.

वडशाला शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. मांडीवर कोंबड्याची टोपली. त्यांनी कुठं निघालात म्हणून विचारलं, आणि शैलानं सरळ सांगून टाकलं की निघालोय कुरखेड्याला, पण खरं अलास्काला.

"हे कुरखेड्याच्या पलीकडं आहे काय?" त्यांनी विचारलं.

"थोडं पलीकडं," मी म्हणालो.

"मंग कोरचीवाली गाडी पकडा," ते म्हणाले, आणि त्यांनी ती कुठून सुटते तेही सांगितलं. एवढा स्पष्ट मार्ग मला मंजूनंही सांगितला नव्हता.

गावात सुमित्राबाईंच्या घरी उतरलो. गोंड कुटुंब, थोडी शेती, बाकी जंगलावर. सुमित्राबाई शैलाच्या पहिल्या वर्गातल्या विद्यार्थिनी. आता त्यांच्या लेकी लग्नाला आल्या आहेत, तरी शैला दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या, आणि जेवण होईपर्यंत बसल्या नाहीत. भात, वरण, चुलीवर भाजलेल्या मिरचीची चटणी. मला दोनदा पाणी प्यावं लागलं. चटणीचं मी कौतुक केलं, तर आणखी वाढली. कौतुक करताना माणसानं पुढचा विचार करावा.

पहाटे मोह वेचायला निघालो. इथे प्रत्येक कुटुंबाची मोहाची झाडं ठरलेली. झाडाखालचा पाला आधीच झाडून जाळून टाकलेला असतो, म्हणजे रात्रभर गळालेलं फूल स्वच्छ जमिनीवर दिसतं. फुलाला सुमित्राबाई पुंगार (गोंडीत फूल) म्हणत होत्या. सगळा परिसर गोड आंबूस वासानं भरलेला. चालताना गावातल्या बायका मोठ्यानं बोलत होत्या, मुद्दाम खोकत होत्या. मला वाटलं गावात सर्दीची साथ आहे. नंतर कळलं की ते खोकणं अस्वलासाठी होतं.

टोपल्या भरत आल्या तशा सुमित्राबाई झाडाच्या एका बाजूची फुलं तशीच सोडून उठल्या. मी ती दाखवली, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. त्याच्या वाट्याची आहेत." त्याच्या म्हणजे कोणाच्या, हे विचारायच्या आत पलीकडच्या झुडपात जोरात फुरफुरल्यासारखा आवाज झाला आणि काहीतरी काळं हललं.

त्यानंतर काय झालं याबद्दल माझं आणि शैलाचं एकमत नाही. ती म्हणते मी तिच्या मागे लपलो. मी म्हणतो मी तिच्या मागची बाजू सांभाळत होतो. सुमित्राबाईंनी मात्र टोपली डोक्यावर घेतली आणि झुडपाकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "झालं आमचं. जाऊन राह्यलो." आणि आम्ही खरंच चालायला लागलो. मागे फुलं खाल्ल्याचा मचमच आवाज येत होता. अमेरिकेनं यावर एवढी पानं का खर्च केली कोण जाणे.

घरी येऊन अंगणात फुलं वाळत घालताना शैलानं त्यांना सांगितलं की आम्ही जातोय तिथेही अस्वलं आहेत, तीही भली मोठी.

"तिथी मोह आहे काय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग तो तिथी काऊन राह्यते?"

शैलानं सांगितलं, मासे खातो, आणि सगळीकडे बर्फ असतो. सुमित्राबाई हात थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या. "बाई, तुमी ते फळ्यावर काढली होती ना, पांढरी नदी. मले वाटे बाई गंमत करून राह्यल्या. नदी कुठी बर्फाची राह्यते? म्हणून म्या विचारलं होतं तुमाले, तुमी पाह्यली काय."

"आठवते मले," शैला म्हणाली.

"तुमी नाई म्हणाल्या होत्या."

 शैला मोहाची फुलं नीट एकसारखी पसरत राहिली, जेवढी पसरायची गरज नव्हती तेवढी. त्या क्षणी मला कळलं की ही बाई जाणार. माझा अस्वलाचा मुद्दा तिथेच, त्या अंगणात, वाळत पडला.

परतताना मी थंडीचा मुद्दा काढला. चंद्रपूरच्या माणसाचं रक्त पातळ असतं, अलास्कात ते गोठेल वगैरे. शैला ऐकून घेत होती. सिंदेवाही आलं तशी ती पिशवी उचलून उतरली, आणि मलाही उतरावं लागलं, कारण पराठे त्या पिशवीत होते. सिंदेवाहीला तिचे मामेभाऊ देवराव यांचा बर्फाचा कारखाना आहे. त्या भागातल्या तळ्यांची मासोळी या बर्फात बांधून बाहेर जाते. देवरावांनी मला थेट लाद्या ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "बसा जवाई. किती वेळ बसता पाहू."

मी बसलो. आधी बरं वाटलं, मग फार बरं वाटलं, मग कान दुखायला लागले. नाकाचा शेंडा कुठे आहे ते चाचपून पाहावं लागलं. बाहेर आलो तर शैला साच्यांपाशी उभी होती. लोखंडी डबे कोमट पाण्यात बुडवून काढतात, मग आतली लादी सुटते आणि धाडकन फळीवर आदळते. प्रत्येक लादी पडली की ती थोडी पुढे सरकायची. देवराव मला म्हणाले, "जवाई, बरफ पाहाले कोणी एवढ्या दूर जाते काय? हिले इथी सोडून जा, ही रोज पाहीन." मला ही सूचना उत्तम वाटली. शैलाला ऐकू गेली नाही, किंवा ऐकू गेली.

मे महिन्यात आम्ही चंद्रपूरला गरम कपडे घ्यायला गेलो. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिलं, ते बरोबर आहे. पारा पंचेचाळिशीच्या वर. रस्त्यावर जे कोणी होते त्यांनी डोकं-तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं, फक्त डोळे उघडे. स्वेटर विकणारे थंडी संपताच निघून जातात, त्यामुळे दुकानोदुकानी फिरावं लागलं. शेवटी गोल बाजारात एका शेटजींनी माळ्यावरून खोकं काढलं, धूळ झटकली, आणि कूलरची दिशा माझ्याकडे वळवली.

"कोनाची तब्येत बिघडली काय भाऊ?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"माझीच," मी म्हणालो.

लोकरीची बंडी, तिच्यावर स्वेटर, त्याच्यावर फुगलेलं जाकीट, कानटोपी. माप बरोबर आहे की नाही बघायला हे सगळं एकदम घालावं लागतं, असं शैलाचं म्हणणं. आरशात मी दिसलो, मग आरसा जरा हलला, आणि नंतरचं मला आठवतं ते शेटजी माझ्या नाकाला कांदा लावत होते आणि त्यांची सून पन्ह्याचा ग्लास घेऊन उभी होती. दुकानात गर्दी जमली होती. कोणीतरी म्हणालं की याले लू लागली. कोणीतरी म्हणालं, लू लागली म्हणून स्वेटर घातला असन. शैलानं मला वारा घालत घालत जाकिटाचा रंग बदलून घेतला.

उरला व्हिसा. मुलाखतीची तारीख मेच्या अखेरची मिळाली, हैदराबादची, कारण बल्लारशाहून ते जवळ पडतं. मंजूनं फोनवर आमची तयारी करून घेतली. बाबा, तुम्ही फक्त 'सरकारी नोकरी, आता पेन्शन' एवढंच बोला. विचारतील तेवढंच. विनोद करायचा नाही. मी कबूल केलं.

खिडकीमागे एक तरुण अधिकारी होता, हिंदी चांगलं बोलत होता. त्यानं आधी शैलाला विचारलं, क्या देखने जा रही हैं? ती म्हणाली, "ग्लेशियर. बच्चों को पढ़ाया है साहब, खुद नहीं देखा." तो हसला, त्यानं काहीतरी टाइप केलं. मग माझ्याकडे वळला. मी सरकारी नोकरी म्हणालो. कोणती? फॅक्टरी. तिथं काम काय करायचात?

आता हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. आमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत कोणी भेटलं की नावाआधी सेक्शन विचारतात. मुलगी बघायला आलेल्या मुलालाही तेच विचारतात, आणि 'फिलिंग' असं उत्तर आलं की पोह्यांसोबत चिवडा पण येतो. जोखमीचं काम, मानाचं काम. खिडकीमागच्या त्या पोरानं विचारलं, आणि माझी छाती आपोआप पुढे आली.

"बम भरता था, साहब," मी म्हणालो. "सारी उमर."

त्याची बोटं थांबली. मला वाटलं, प्रभाव पडला. म्हणून मी हेही सांगितलं की माझ्या हाताखाली कधी अपघात झाला नाही. शैलानं खालून माझ्या पायावर पाय दिला. अधिकारी आत जाऊन आला, आणि त्यानं अतिशय सभ्यपणे मला एक रंगीत कागद दिला. तुमच्या अर्जाची पुढील चौकशी होईल. किती दिवस? सांगता येत नाही. शैलाचा व्हिसा मंजूर.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. मी दोन-तीन विनोद करून पाहिले, ती एकालाही हसली नाही, रागावलीही नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. तिला एकटीला कधी नागपूरच्या पुढे जायची वेळ आली नव्हती. माझ्या एका फुशारकीनं तिची नदी गेली असं मला वाटत होतं, आणि मला वाईट वाटत होतं, साधं सरळ वाईट, ज्याच्यावर काही बोलता येत नाही असं.

जून उजाडला. तिचा पासपोर्ट आला, माझा चौकशीतच राहिला. बोटीची तारीख बदलेना. अखेर मी ठरवलं की आपण मन मोठं करायचं. संध्याकाळच्या फिरण्यात मी भाषण तयार केलं. शैला, तू आजवर कुटुंबासाठी जगलीस, माझ्यासाठी थांबू नकोस, एकटी जा, घाबरू नकोस, मी इकडे निभावून नेईन. शेवटचं वाक्य म्हणताना माझाच आवाज भरून आला, म्हणून फिरणं थोडं लांबवलं.

घरी आलो तर पलंगावर बॅग बंद होऊन पडली होती. माझी लोकरीची बंडी, स्वेटर, जाकीट बाहेर काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवलेलं. त्यांच्या जागी तिनं मंजूसाठी सांडया, कुरडया आणि मोहाचे लाडू भरले होते.

"शैला," मी सुरुवात केली, "तू आजवर..."

"गॅसचं सिलिंडर बुक केलं आहे," ती म्हणाली. "अन् दूधवाल्याले अर्धा लिटर सांगितलं. तुमाले एकट्याले पुरते तेवढं."

भाषण माझ्याजवळच राहिलं. अजून आहे.

नागपूरच्या विमानतळावर ती आत गेली तेव्हा दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं, तिनं वर्गात हजेरी घ्यावी तशा शांतपणे कागद पुढे केले. वळून बघेल म्हणून मी हात वर करून ठेवला होता. तिनं वळून पाहिलं आणि हातानंच विचारलं, किल्ली घेतली ना? मग मी एसटीनं भद्रावतीला परत आलो. वरोऱ्यापर्यंत उकाडा, पुढे जास्त उकाडा. हा आमच्या अलास्का प्रवासाचा माझ्या वाट्याला आलेला भाग. मी गणित घातलं तर या एका हिमनदीसाठी मी गडचिरोली जिल्हा पाहिला, बर्फाच्या खोलीत बसलो, भर बाजारात चक्कर येऊन पडलो आणि हैदराबादला जाऊन आलो, फक्त हिमनदी तेवढी राहिली.

बोटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी चहा ठेवला होता.

"कशी आहे तुझी नदी?" मी विचारलं.

"निळी आहे," ती म्हणाली.

"निळी?"

"हो. मी पांढरी काढत होती. आतून निळी आहे. अन् मी पोरांले सांगत होती की आवाज न करता सरकते. अहो, ती सारखी कडकड करते. मग एक तुकडा पडला, आपल्या शाळेएवढा, धडाम झालं. बोटीतले सगळे दचकले, एक बाई तं खाली बसली. मी नाई दचकली. मले वाटलं आपल्या फॅक्टरीच्या मैदानात माल उडवून राह्यले."

मी हसलो. मला एकदम बरं वाटलं, माझा काहीतरी हातभार लागला असं. म्हणालो, "मी तिथं असायला पाहिजे होतो."

 

"खरं सांगू काय?" ती म्हणाली. "बरं झालं तुमी नव्हते. तुमी असते तं काही ना काही बोलले असते. मग मी हसली असती. ते पडत होतं तवा मले हसाचं नव्हतं."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. हे लागलं मला, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि चांगलं होतं, ती नक्की हसली असती. मी ते गिळलं.

"मग?" मी म्हणालो. "पुढं सांग."

ती सांगत राहिली. बर्फ पडून गेल्यावर बोट कशी हलली, पाण्यावर तुकडे कसे तरंगत आले, खलाशानं त्यातला एक जाळीनं वर काढून तिच्या हातात दिला तेव्हा तो किती जड होता. मी स्टुलावर बसून ऐकत होतो, मधे एक शब्दही न बोलता, आणि तिनं दोनदा विचारलं की मी फोनवर आहे ना.